मेन पॅनलमागचा कट

४ फेब्रुवारी
मालकांनी, म्हणजे देवेंद्रजींनी, केबिनमध्ये बोलावलं. सांवेर रोडवरच्या आमच्या पॅकिंग फॅक्टरीत आर्क फ्लॅशचा धोका मोजायचाय. मी त्यांना समजावलं : चालू पॅनल उघडलं, आत शॉर्ट झाला, की समोरच्या माणसावर आगीचा भडका. मोजायच्या पद्धती दोन. एक, तयार चार्ट बघून कुठल्या पॅनलपुढे कुठला आगरोधक सूट घालायचा ते ठरवा. दुसरी, प्रत्येक पॅनलचा करंट आणि ब्रेकर ट्रिप व्हायला, म्हणजे पडून सप्लाय तोडायला, लागणारा वेळ काढून उष्णतेचं गणित करा. पद्धत मी निवडायची, मेंटेनन्स हेड म्हणून. दारातच निवडली. चार्ट.

नवी सेफ्टी ऑफिसर निवेदिता म्हणाली, “सर, चार्टला पण अटी असतात. ब्रेकर वेळेवर पडला तरच तो चालतो.” आणि हसली. का हसली?

६ फेब्रुवारी
निवेदिता मोबाईलवर सगळ्या पॅनलचे फोटो काढत फिरतेय. विचारलं तर म्हणे नेमप्लेट टिपतेय. इतक्या नेमप्लेटचं कोण काय करतं? माझ्याविरुद्ध पुरावे. आजपासून नजर ठेवणे. शांतपणे.

७ फेब्रुवारी
शांतपणा जमला नाही. तिला ओरडलो. ती “सॉरी सर” म्हणाली. फारच लवकर म्हणाली.

१० फेब्रुवारी
अर्पित नावाचा कन्सल्टंट आला. निवेदिता त्याला “आओ भिया” म्हणाली. थेट भाऊ! म्हणजे जुनी ओळख! दोघं मेन पॅनलमागे कुजबुजत होते, मी गेलो तर गप्प. मग अर्पितने विचारलं, ह्या ब्रेकरची टेस्टिंग शेवटची कधी झाली? मी म्हटलं, कॉन्फिडेन्शियल. (कधी झाली, कोण जाणे. बिचारा कधी पडलाच नाही, इतका चांगला ब्रेकर आहे.)

११ फेब्रुवारी
कॅन्टीनमध्ये वॉटर कूलरमागे उभा राहिलो. स्पष्ट ऐकलं.
अर्पित : “सरांना सांगणार कोण?”
निवेदिता : “तुम्ही सांगा ना. मला इथे नोकरी करायचीय.”
झालं. खुर्ची जाणार. घरी सुलोचनाला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, जाऊन सरळ विचारा की काय सांगायचंय.” बायका भोळ्या असतात.

१४ फेब्रुवारी
निर्णय. मंगळवारी मालकांसमोर चार्टप्रमाणे सूट घालून मेन पॅनल चालू ठेवून उघडणार. कटाचा निकाल. सूट पोटावर जरा घट्ट आहे. श्वास कमी घेणे.

१८ फेब्रुवारी, सकाळ
आज इतिहास.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
मी सूट घालून पोचलो तर सप्लाय बंद, मेन स्विचला कुलूप ठोकलेलं. किल्ली निवेदिताच्या गळ्यात. मी म्हटलं, दे. ती म्हणाली, “नाही सर.” हात किल्लीवरून हलला नाही. मालकांना म्हटलं, बघा, घातपात! ते म्हणाले, “लक्ष्मीकांतजी, पहले ब्रेकर तो देख लें.”

अर्पितने टेस्टिंग किट लावलं. शॉर्टमध्ये जाईल इतका करंट ब्रेकरमधून सोडला. ब्रेकर पडायला हवा होता. सगळे बघत राहिले. पडला नाही. पुन्हा लावलं. नाही. जाम.

निवेदिता हळूच म्हणाली, “सर, आर्क झाला असता तर ह्या ब्रेकरने तो तोडलाच नसता. हा सूट टिकला नसता. टेस्टिंगची नोंद नाही म्हणून शंका होतीच, तुम्हाला हे सांगायचं कसं, तेच आम्ही ठरवत होतो.”

माझे हात गार पडले होते. सूटमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे असेल.

१९ फेब्रुवारी
मालकांनी गणिताची पद्धत मंजूर केली. ती आतून मलाही आवडत होतीच, बोललो नव्हतो. काम निवेदिता बघेल. मी तिला टॉर्च धरायचा.

सुलोचनाला कालचं सांगितलं, किट वगैरे, गमतीत. ती हसली नाही. माझ्या फोनमधून निवेदिताचा नंबर घेतला, आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि बराच वेळ बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, रविवारी ती जेवायला येतेय, श्रीखंड तुम्ही आणा.

दार लावून काय बोलल्या असतील? दोघींवर नजर ठेवायला हवी. पण आधी श्रीखंड.