पितृपक्षात परत दिलेली किल्ली

१२ सप्टेंबर १९८४, बुधवार

बोरिवलीच्या खोलीची किल्ली हातात घेतली आणि परत दिली! परवा स्टँपपेपरवर सह्या झाल्या, ह्यांच्या फंडातून डिपॉझिट दिलं. आज मालक हरेश्वर म्हणाला, "घ्या मावशी. आजपासून खोली तुमची."

पण कालच पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नव्या घरात पाऊल कसं टाकायचं? त्यात रविवारी ह्यांची तिथी. म्हटलं, "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. घटस्थापनेला दूध उतू घालवायला येते."

घाटकोपरला येऊन जयवंतला सांगितलं. "बरं केलंस आई," म्हणाला. मला वाटलं होतं, चिडेल. मी वेगळी राहणार हे त्याला मुळीच पटलेलं नाही.

१६ सप्टेंबर

ह्यांचं श्राद्ध झालं. दीड वर्ष होऊन गेलं, तरी सकाळी हात दोन कपांचंच आधण टाकतो.  जास्तीचा चहा सूनबाई सुलक्षणा पिऊन टाकते बिचारी.

२६ सप्टेंबर, घटस्थापना

दूध, पातेलं, देवीचा फोटो घेऊन गेले. हरेश्वर दारातच उभा.

"मावशी, खोली देता येत नाय."

"म्हणजे? करार झालाय आपला!"

"झालाय. पण नाय देता येत. इचारू नका."

त्याची बायको मथुरा ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. तिने मान वर केली नाही. त्याने डिपॉझिटचं पाकीट पुढे केलं. मी हात मागे घेतला. का ते कळलं नाही, पण घेतला. परत येईस्तोवर दूध नासलं होतं.

२८ सप्टेंबर

काल काही लिहिलं नाही. काय लिहू? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चार माणसं. मी पुस्तक घेऊन जिन्यात बसते. येणारी-जाणारी म्हणतात, "सरका जरा आजी." एक दार हवं होतं. आपण आतून लावायचं आणि आपणच उघडायचं. एवढंच.

१ ऑक्टोबर

वाचनालयातून भाडेकायद्याचं पुस्तक आणलं. चौथी शिकलेल्या बाईने कायदा वाचावा! एकेक वाक्य तीन-तीनदा वाचते. ग्रंथपाल म्हणाला, "आजी, कादंबऱ्या संपल्या काय?" म्हटलं, हो, सगळ्या संपल्या.

११ ऑक्टोबर, गुरुवार

शेजारच्या शकूने फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंचा पत्ता दिला होता. आज गेले. बाई माझ्या मुलीच्या वयाची. करार वाचला आणि म्हणाली, "हा भाड्याचा करार आहे, अकरा महिन्यांचा परवाना नाही. हे चांगलं. किल्ली कुठाय?"

मी सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. "अहो आजी! एक दिवस जरी आत राहिला असता ना, तर तुम्हाला काढायला त्याला कोर्टात जावं लागलं असतं. आता आपल्याला जावं लागणार."

"पितृपक्ष होता हो."

"कोर्टाला पितृपक्ष नसतो."

मग दोन वाटा सांगितल्या. पहिली, व्याजासकट पैसे मागायचे आणि सोडून द्यायचं. दुसरी, करार पाळायला लावा असा दावा लावायचा, आणि निकाल लागेपर्यंत खोली दुसऱ्याला देऊ नये म्हणून मनाई मागायची. वर्षं जातील म्हणाली. मिळेलच असंही नाही. "आधी नोटीस देऊ. त्याचं कारण तरी कळेल. आणि तोवर ते पाकीट घेऊ नका. 'मिळाले, तक्रार नाही' अशी सही घेतली, की तुमच्या केसची वाट लागली समजा."

म्हणजे तेव्हा हात मागे घेतला ते बरं झालं. एक तरी गोष्ट बरोबर केली.

१२ ऑक्टोबर

जयवंत जेवता जेवता म्हणाला, "पैसे घे ना आई, आणि सोड. तुला इथे काय कमी आहे?" मी म्हटलं, दार. तो सुलक्षणाकडे बघून हसला. "ऐकलंस? आईला दार कमी आहे."

मी पण हसले. भांडायला अंगात त्राण नाही रे.

१६ ऑक्टोबर

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. मी सही केली. माझं संपूर्ण नाव, त्यात ह्यांचं नाव मधोमध.

२४ ऑक्टोबर, दिवाळी

पणत्या लावल्या. नातीने विचारलं, "आजी, तू जाणार?" म्हटलं, बघू. दमले आहे. मनात येतं, जाऊन पाकीट घेऊन यावं. चूक माझीच. हातात आलेली किल्ली मीच परत केली, हरेश्वरला काय बोल लावायचा?

२९ ऑक्टोबर

नोटिशीचं उत्तर आलं. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. हरेश्वर म्हणतो — मी पंचवीस सप्टेंबरपर्यंत खोली द्यायला तयार होतो. त्या दिवशी बाईंचा मुलगा जयवंत माझ्या घरी आला. वडील गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिची सही धरू नका, म्हणाला. तसं लिहूनही दिलं. सोबत कागदाची नक्कल. अक्षर माझ्या ओळखीचं. मीच गिरवून घेतलेलं.

बाई हळूच म्हणाल्या, "आजी, दावा लावला तर तुमच्या मुलाला साक्षीला बोलवावं लागेल."

म्हटलं, बोलवा.

घरी आले. पोळ्या केल्या. त्याला अजून सांगितलेलं नाही.