निळ्या दोऱ्याची बरणी

१४ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण गच्चीचा जिना अजून चढू देतो. तुझे भावोजी वाळवणाची राखण करायला खुर्ची टाकून बसतात आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागतात. कावळे त्यांना मुळीच घाबरत नाहीत, मला घाबरतात.

तुझ्या नव्या दवाखान्यात वीज नाही, फ्रिज म्हणजे नुसतं कपाट, आणि पेशंट टोपल्या भरभरून टोमॅटो आणून देतात, हे वाचून हसू आलं. नर्सबाईंची चंगळ आहे! पण शेवटी तू लिहिलंस, "वाळवायचे कसे ते सांग. मला जमायचं नाही म्हणा, माझ्या हाताला गुण नाही." ती ओळ वाचली आणि मला जेवण गेलं नाही.

आधी कामाचं. टोमॅटो पिकलेले पण घट्ट घे. डागाळलेला एकही नको. चकत्या सगळ्या एकाच जाडीच्या कर, नाहीतर पातळ करपतात आणि जाड आतून ओल्या राहतात. मीठ भुरभुर. जाळीवर पसर आणि जाळी विटांवर ठेव, म्हणजे खालूनही वारा लागेल. वरून पातळ कापड, माश्यांसाठी. दिवसातून दोनदा उलट. ऊन उतरलं की आत घे, दव पडायच्या आधी. कडक ऊन नसेल तर त्या भानगडीत पडूच नकोस. चकती चामड्यासारखी वाकली आणि दाबून ओल लागली नाही, की झाली.

मग आठवडाभर काचेच्या बरणीत. रोज हलवायची आणि काच बघायची. आतून वाफ धरली तर पुन्हा उन्हात. बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकायची, जीव कितीही तुटला तरी.

इथवर लिहून पेन ठेवलं. चहा केला, तो गार झाला. आता टाळाटाळ पुरे.

आपल्या घरी प्रत्येक बरणीच्या गळ्याला ती भरणारीचा दोरा असायचा. आईचा पांढरा, माझा लाल, तुझा निळा. जिच्यातले टोमॅटो खाऊन बाबा आठ दिवस दवाखान्यात होते, त्या बरणीला निळा दोरा होता. ती बरणी मी भरली होती, चिमणे. तिसऱ्या दिवशी काच धुरकटलेली मी पाहिली. पुन्हा वाळवायची तर दोन दिवस घरी थांबावं लागलं असतं, आणि मला मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं होतं. मी ओढणीच्या टोकाने वाफ पुसली आणि बरणी फळीवर ठेवून दिली. पुढे आई बाबांना दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा मी लाल दोरा सोडला आणि निळा बांधला.

तू चौदा वर्षांची. त्या साली चार बरण्या भरल्या होत्यास, तुला वाटलं त्यातलीच एक. आई म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाही," आणि तुला पुन्हा जाळीला हात लावू दिला नाही. मी शेजारीच उभी होते. बाबा बरे होऊन घरी आले, मला वाटलं आता सगळे विसरतील. सव्वीस वर्षं झाली. तू हजार लोकांच्या जखमा बांधल्यास, आणि टोमॅटो चिरायला घाबरतेस. ही माझी करणी.

आई असती तर तिच्यासमोर सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण ती होती तेव्हाही मी सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

सोबत निळ्या दोऱ्याचं रीळ पाठवते आहे. तुझ्या हाताची पहिली बरणी मला पाठव. रागाने पाठवलीस तरी चालेल, पण दोरा बांधून पाठव. मी काच बघणार नाही. उघडीन आणि खाईन.

आपला लाल दोरा आपल्याच हाताने सोडलेली,
तुझी ताई