चौदा फुटांचा तळमजला

राहनाळ, मंगळवार, फेब्रुवारी २००४

नव्या घराच्या स्लॅबचं सेंट्रिंग उद्या लागणार, म्हणून संध्याकाळी कंत्राटदार घरी आला. तळमजल्याची उंची किती धरू, विचारलं. मी चौदा फूट म्हणालो. कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवणारा भाडेकरू त्याहून कमी घेत नाही. खाली लूम, वर आपण, इथं सगळे असंच बांधतात.

बाबा खाटेवरून ऐकत होते. अर्धांगवायूनंतर ते काठी टेकत जेमतेम अंगणातल्या तुळशीपर्यंत जातात.

"चौदा फूट? एवढा जिना मी चढनार कसा रं?"

"आम्ही उचलून नेऊ, बाबा."

"वर न्याल. मंग खाली चौघंच आनतील मना." आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांना खाली एक खोली ठेवावी का? पण दिवसरात्र लूमचा खडखडाट, आजारी माणूस तिथं झोपणार कसा?

कंत्राटदार दारात थांबला होता. "शेट, चौदाच ना?" मी मान हलवली. चौदा.

रोज दिवा लावताना बाबांना आयुष्य मागतो. आज हात जोडले, पण मागवेना. वरच्या त्या खोलीत अजून किती वर्षं मागायची?