राजहंसात पाणी शिरलं त्याला जबाबदार कोण

रविवार, २ फेब्रुवारी
बोट आली! हिप्परगा तलावावर स्वतःची फायबरची मोटरबोट असलेला नवी पेठेतला पहिला चादरवाला मीच. नाव ठेवलं 'राजहंस'. घेतली सोमेशकडून. सोमेश म्हणजे जगदेवीचा धाकटा भाऊ, पुणे रोडला बोटींचा डीलर. घरचा माणूस, फसवणार नाही.

पूजा यथासांग. चाक नसल्यामुळे लिंबं कशाखाली ठेवायची यावर जरा चर्चा झाली. नारळ मात्र बोटीच्या नाकावरच फोडायचा, हे मी आधीच ठरवलेलं. स्कूटरला दगड चालतो, बोटीचा मान वेगळा. जगदेवी म्हणाली, दगडावर फोडा की, हितं दगड काय कमी हायत का. बायकोला यातलं काही कळत नाही. दोन दणके वाया गेले. तिसरा सगळी ताकद लावून हाणला. कडाड् आवाज झाला, टाळ्या पडल्या. बघतो तर नारळ शाबूत! हल्ली नारळसुद्धा धड मिळत नाहीत. शेवटी दगडावरच फोडला. जगदेवीला सगळ्याचं शूटिंग करायला लावलं. पुरावा असलेला बरा.

सोमवार, ३ फेब्रुवारी
बोटीत घोट्यापर्यंत पाणी. राखणीला ठेवलेला तौसिफ बादलीने उपसत होता. एका दिवसात! कंपनीचा माल म्हणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सोमेशला फोन. म्हणाला, दाजी, देताना चार मानसं बसवून पाण्यात फिरवून दाखवली होती की. म्हणजे हात वर. डीलर कसले, हे दलाल. वॉरंटीचं पुस्तक वाचा म्हणाला. पुस्तकाचं प्लास्टिक मी अजून फाडलेलं नाही. ज्याला अक्कल नसते त्याने पुस्तक वाचावं.

रविवार, ९ फेब्रुवारी
भवानी पेठेतल्या आठ व्यापाऱ्यांना जलविहाराचं आमंत्रण दिलं होतं. तलावाच्या मध्यावर मोटर बंद. पेट्रोल संपलं. (टाकी भरून देणं डीलरचं काम नाही का?) वर खालून पाणी. आठही जण चपला हातात घेऊन उभे. एकाने मोठ्याने विचारलं, कुंडलिकशेठ, ही बोट हाय का हौद? कोळ्यांनी दोर बांधून ओढत काठाला आणलं.
ठराव: सोमेशला सोडायचं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
कंपनीला फोन लावला. ते म्हणतात, डीलरशी बोला. डीलर म्हणतो, कंपनीशी बोला. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत: मालकाने काय केलं? मालकाने काय करायचं असतं! मालकाने बसायचं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सोमेशच्या मुलीचं लग्न वीस तारखेला. पत्रिका द्यायला स्वतः आला. मी दुकानातच थांबलो, घरी गेलो नाही. निरोप पाठवला: नवी बोट दारात आणून द्या, मग अक्षता टाकायला येतो. जावयाचा मान काय असतो तो कळू दे एकदा.
जगदेवी जेवली नाही. म्हणाली, एकच भाऊ हाय मला. मी म्हणालो, बोटही एकच आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी
तौसिफ म्हणाला, शेठ, नाकाजवळ चीर दिसतीया. त्याला सांगितलं, तू उपस.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक. बोट आली तेव्हा कोरी होती आणि मी तिला किती आदराने वागवलं, याचा धडधडीत पुरावा माझ्याच फोनमध्ये! पूजेचा अख्खा व्हिडिओ कंपनीला मेल केला. दोन्ही घरच्या फॅमिली ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, 'आता बोला.'
अजून कोणी बोललेलं नाही. तोंडं बंद झाली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
विजय! कंपनीने लेखी मान्य केलं की बोटीच्या नाकाला तडा आहे. पुढे तिसऱ्या दणक्याबद्दल बरंच काही लिहिलंय, पण ती कायदेशीर भाषा आहे. सवडीने वाचू.

गुरुवार, २० फेब्रुवारी
लग्न. जगदेवी पहाटेच रिक्षाने गेली. मला चला म्हणाली नाही.

मी रेशमी जाकीट घालून तयार होतो. सोमेश गाडी घेऊन न्यायला येणार, हे उघड होतं. थोडे आढेवेढे घ्यायचे, मग जायचं, असं ठरवलेलं. फोन पूर्ण चार्ज. गाडीचा आवाज आला म्हणून धावलो, तर शेजाऱ्यांचा गॅस सिलेंडर. आता पंगती बसल्या असतील. लग्नातली हुग्गी, गव्हाची ती गोड खीर, मला फार आवडते, हे सोमेशला चांगलं ठाऊक आहे. दुपारी पाव खाल्ला. जाकीट काढलं नाही, कोण जाणे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
जगदेवी परत आली. माझ्याबद्दल कुणी विचारलं का, हे सहज विचारलं. म्हणाली, कोन विचारतंय, समद्यांनी व्हिडिओ बघितलाय की. मग म्हणाली, पोरगी निघताना समद्यांच्या पाया पडली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पोरगी त्या खुर्चीला बी नमस्कार करून गेली.
ती चिडून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

सोमेशने माझा आहेर पाठवलाय. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल माझ्याच दुकानातला.

रात्रीच्या चटणीला नारळ लागणार होता, म्हणून फोडायला उठलो. जगदेवी खाली गेली. अंगणातला दगड उचलून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि कांदा चिरायला बसली.