लागलं होतं, सर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतानाही माझी मान खाली जाते. आज तर जास्तच. माझी नोकरी गेली. कबड्डी संघटनेला ईमेल लिहून खडे बोल सुनावले म्हणून शाळेने पोरीला काढलं, असं आपल्या आंदर मावळात सगळे सांगतात. ते पुरतं खरं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ईमेल मीच लिहिला. लोणावळ्याच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवत होते, तिथल्या पाच मुलींना घेऊन संघटनेच्या निवड चाचणीला गेले होते. सकाळपासून मुली उन्हात बसल्या, दुपारी त्यांना जेमतेम खेळवलं, बोनस लाईन ओलांडली तरी पंचांनी गुणाचा हात वर केला नाही. आणि निवडलेल्यांची यादी टेबलावर आधीच टाईप केलेली मी या डोळ्यांनी पाहिली. डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी नाही असं बघून शाळेच्याच कॉम्प्युटरवरून, शाळेच्याच पत्त्यावरून सगळं लिहून टाकलं. खाली नाव मात्र घातलं नाही, ‘एक क्रीडाप्रेमी’ असं लिहिलं. डरकाळी फोडायची ती गोधडीत तोंड खुपसून, अशी ही तुमची विद्यार्थिनी.

शाळेचे अध्यक्ष त्याच संघटनेवर आहेत. त्यांनी मला बोलावलं, ईमेलचा कागद पुढे सरकवला आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. मी म्हणाले, “मला काय माहीत साहेब, त्या कॉम्प्युटरवर तर क्लार्क मावशी बसतात.” यात खोटं काहीच नाही, असं मी जिना उतरताना स्वतःला समजावत होते. मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी ग्राउंडवर शिट्टी वाजवत राहिले. चार दिवस.

मावशी परंदवडीच्या. पाचव्या दिवशी त्या येऊन अध्यक्षांपुढे उभ्या राहिल्या. “साहेब, ह्या कागदात बोनस लाईन लिवलीय. ती जमिनीवर असती का आभाळात, मला ठाव न्हाई. ज्याला ठाव हाय त्याला इचारा.” मी दारातच होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मला कबूल करावंच लागलं. अध्यक्ष म्हणाले, “ईमेल एक वेळ पोटात घातला असता, मॅडम. पण तुम्ही या बाईवर ढकललंत.” ज्या माणसाला मी तोंडभर नावं ठेवली होती, त्यानेच मला हे ऐकवावं! आणि त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून एकच दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. मी आठवीत आहे, तालुक्याची फायनल, मी कोपऱ्यात उभी. चढाईला आलेल्या मुलीची बोटं माझ्या स्कर्टच्या काठाला लागतात, म्हणजे मी बाद. पंचांना दिसत नाही, तिलाही कळत नाही. तुम्ही बाहेरून विचारता, “लागलं का गं?” मी म्हणते, “न्हाई सर.” आपण एका गुणाने जिंकतो. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकू आम्हा सगळ्यांना तांदळाच्या भाकरी वाढतायत, कप फळीवर ठेवलाय, आणि मी हातातली भाकरी ताटात ठेवून म्हणते, “लागलं होतं, सर.” तुम्ही फक्त म्हणालात, “जेव आधी. सकाळी जायचंय.” सकाळी कप वर्तमानपत्रात गुंडाळून, बस नव्हती म्हणून दोन तास चालत, त्या हरलेल्या मुलींच्या शाळेत गेलो. वाटभर तुम्ही रागाचा एक शब्द बोलला नाहीत. फाटकाशी थांबलात. “पंचाला दिसू दे न्हाईतर न दिसू दे, लागलं की हात वर करायचा. जा आत. मी हितं उभा हाय.”

गेल्या रविवारी आपल्या शाळेच्या मैदानावर जुन्या खेळाडूंनी माझा सत्कार केला. माईकवरून मला वाघीण म्हणाले. शाल काकूंच्या हातून दिली. त्या आता वाकल्यात. कानाशी येऊन म्हणाल्या, “सर असते तर त्यांना लय बरं वाटलं असतं.” मला लाज वाटली, सर. तरी मी म्हणाले, “व्हय काकू.”

मावशींची माफी मागायची आहे. काकूंना खरं सांगून शाल परत द्यायची आहे. आता तुमच्या दारापर्यंत बस जाते, चालावंही लागणार नाही. दोनदा शाल काढून वर्तमानपत्रात गुंडाळली. दोन्ही वेळा फाटकाशी तुम्ही उभे नसाल हे आठवलं, आणि परत कपाटात ठेवून दिली.