दुसरं ताट

९ जानेवारी

त्या सकाळी मी नेहमीसारखीच उठले. दूध तापवलं, ओटा पुसला, कुंड्यांना पाणी घातलं, चहाचा कप धुऊन पालथा घातला. मग आठवलं की आज घर सोडायचंय. कप पुसून खोक्यात भरला आणि केर काढायला घेतला. घर सोडतानाही झाडून जायचं, ही बायकांची खोड. ज्यांच्यासाठी झाडत होते ते कोण, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

ही परवाची गोष्ट. आज नव्या घरात बसून लिहितेय आणि खरं सांगायचं तर बरं वाटतंय. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, पूर्वेला मोठी खिडकी. खिडकीखाली खुर्ची. दिराने सांगितलंय की गिऱ्हाईक आलं की तिथे पुस्तक घेऊन बसायचं, घराला शोभा येते. आयुष्यभर मी लपूनछपून वाचलं. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं रद्दीच्या गठ्ठ्यांतून शिकले. आता वाचणं हीच नोकरी झाली, म्हणजे माझं नशीब फळफळलं म्हणायचं.

दीर घरांचा एजंट आहे. त्याचं म्हणणं, बंद घर कुणी घेत नाही, नांदतं घर घेतात. म्हणून विकायच्या घरात तो एक बाई राहायला ठेवतो. घर विकलं की ती पुढच्या घरात. माझं घरही त्यानेच विकलं. म्हणाला, वहिनी, एकटीला एवढं घर कशाला, भिंतींशी बोलत बसाल. त्याचं चुकलं असं नाही. हे गेल्यापासून मी बोलतच होते.

एक गोष्ट मात्र मला त्या घरातून हवी होती, आणि ती खोक्यात भरता येत नव्हती. सकाळी चहा गाळला की टेबलाकडून आवाज यायचा. चमचा कपाच्या काठावर, दोनदा. साखर ढवळून झाली की चमच्याचा थेंब झटकायला हे तसं करायचे. मी गाळणी हातात धरून उभी राहायचे. भीती कधी वाटली नाही. एकदा दिराला सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला, मग म्हणाला, मनाचे खेळ आहेत, वहिनी. दादाचं ताट, चपला नजरेआड करा. मी केल्या. आवाज येईनासा झाला. मग मीही सह्या केल्या.

सामान बांधायला जाऊबाई आली होती. त्यात यांच्या चपला कुठे गेल्या कळलं नाही. डाव्या चपलेचा अंगठा मी काळ्या दोऱ्याने शिवला होता. जाऊबाई म्हणाली, गेल्या असतील भंगारात, इतकं काय त्या चपलांचं.

११ जानेवारी

दिराच्या ऑफिसातल्या थोरलीने आज काम शिकवलं. हे काम ती वीस-बावीस वर्षं करतेय. अंगाने किरकोळ, बोलायला फटकळ. दमट भिंत असेल तर समोरची खिडकी उघडी ठेव, म्हणजे माणसं भिंतीकडे पाठ करून उभी राहतात. मोरीत लिंबाची साल टाक. दिवे दिवसाही लाव. आणि मुख्य म्हणजे दोन ताटं मांडायची. दोन कप, दोन खुर्च्या, दारात चपलांचे दोन जोड. एकट्या बाईचं घर दिसलं की लोकांना वाटतं, इथे काहीतरी वाईट झालंय. जेवताना दुसऱ्या ताटातही घासभर वाढायचं, नाहीतर मांडलेलं खोटं वाटतं.

पुरुषाच्या चपला तिने ऑफिसातून आणून दिल्या, नव्याकोऱ्या. ताटंही नवी.

एजंट लोक तिला थोरली म्हणतात, म्हणून मी आपोआप धाकटी झाले. मी म्हटलं, सवती असल्यासारखं वाटतं. तर म्हणाली, आधी नवरा तरी दाखव. खूप दिवसांनी मी हसले.

१९ जानेवारी

घर बघायला येणाऱ्या माणसांची गंमत असते. नवरे भिंती ठोकून बघतात, जसं काही कलिंगड घ्यायला आलेत. बायका कपाटं उघडतात आणि माझेच डबे मोजतात. आज एक सासू आली होती, तिने सुनेला हळूच सांगितलं की स्वयंपाकघर लहान आहे ते बरंय, दोघी एका वेळी मावणार नाहीत, भांडण वाचेल.

आधी या घरात कुणी टिकत नसे म्हणे. दारातूनच परत जायचे. आता बसतात, पाणी मागतात. दीर खूश आहे.

एक छोटी गोष्ट. दुपारी दुसऱ्या ताटात वाढलेला भात मी नंतर माझ्या ताटात घेते, अन्न टाकायचं नाही म्हणून. आज त्या भातात बोटं फिरल्याची खूण होती. बाजूला भिजल्यासारखा छोटा गोळा होता. खाऊन बाहेर काढल्यासारखा.

मांजर असेल. खिडकी उघडीच असते.

२६ जानेवारी

मांजर नाही. आज खिडक्या लावून जेवायला बसले. समोरची खुर्ची मी टेबलाला चिकटवून ठेवते. घास घेतला, मान वर केली, तर खुर्ची मागे सरकलेली होती, माणूस बसतो तेवढी. मग कुणीतरी खोकलं. म्हातारा, ओला खोकला, नरड्यात अडकलेला.

आधी वाटलं, हेच आले. मी म्हटलंसुद्धा, आलात का? पण यांना खोकला नव्हता. हे हृदयाने गेले, बसल्या जागी.

दिराला फोन केला. तो म्हणाला, मनाचे खेळ. शब्दसुद्धा तेच. नव्या मालकांना विचारशील का, म्हटलं, माझ्या घरात कपाचा आवाज येतो का कधी. म्हणाला, विचारलंय, काही येत नाही, घर एकदम स्वच्छ आहे.

स्वच्छ. म्हणजे हे तिथेही नाहीत. मग कुठेच नाहीत. दिवसभर हातून काम झालं नाही.

३१ जानेवारी

सौदा ठरला. त्या सासूसुनांनीच घेतलं. दीर स्वतः गाडी घेऊन आला. माझं सामान एका पिशवीचं. उंबऱ्यावर त्याने दोनदा विचारलं, ताटं घेतलीत ना वहिनी, दोन्ही? मी म्हटलं, ताटं काय, ऑफिसचीच आहेत, राहू दे या लोकांना. तर त्याचा चेहरा बदलला. स्वतः आत जायला तयार नव्हता. मलाच परत पाठवून आणायला लावली, आणि गाडीत मांडीवर ठेवा म्हणाला. मागच्या सीटवर नको.

७ फेब्रुवारी

दुसरं घर. तळमजला, समोर शिंप्याचं दुकान, मशीनचा आवाज दिवसभर सोबतीला असतो. पण पहिल्याच जेवणाला खोकला आला. त्याच म्हाताऱ्याचा.

घर बदललं. तो माझ्याबरोबर आला.

१५ फेब्रुवारी

आता दोघं आहेत. या घरातली एक बाई आहे. ती खात नाही, ताटावर बोट फिरवते, गोल गोल. घासल्यासारखा आवाज होतो. म्हातारा खोकला की थांबते. मग पुन्हा.

शिंपी म्हणाला, तुम्ही आल्यापासून हे घर हलकं झालं, आधी इथून जाताना मी रस्ता बदलायचो. आज तीन पार्ट्या येऊन गेल्या. सगळ्यांना आवडलं.

पुस्तक उघडते पण ओळ पुढे सरकत नाही. शेजारी कुणीतरी वाकून वाचतंय असं वाटतं. ओला श्वास कानाशी.

२० फेब्रुवारी

बाजारात ती पहिल्या घराची सून भेटली. घर फार छान आहे म्हणाली. सासूसुद्धा गप्प असते. मग माझ्याकडे बघून एक पाऊल मागे झाली. तुमच्याबरोबर कोण आहे, असं विचारणार होती. विचारलं नाही. बाई घाईने गेली.

उद्या थोरलीला विचारणार. तिने महिन्यापूर्वी काम सोडलंय. इतकी वर्षं केलं, तिला माहीत असणारच.

२१ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मलाच वाटेल, मनाचे खेळ.

थोरलीच्या दारात पुरुषाच्या चपला होत्या. डावीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. माझे टाके मला ओळखू येतात.

मी आत गेले. तिने चहा ठेवला. दोन कप भरून झाले होते, माझा तिसरा. ती साखर घालत होती आणि टेबलाकडून आवाज आला. कपाच्या काठावर, दोनदा.

मी टेबलाकडे वळले. तीच बोलली. म्हणाली, बस, आज ना उद्या तुला कळणारच होतं.

तिने सांगितलं ते असं. गेलेलं माणूस घर सोडत नाही तोवर घर विकलं जात नाही, विकलं तरी घेणारे टिकत नाहीत. कुणीतरी रोज ताट मांडलं की ते ताटाला लागतं. मग ताट जिकडे जाईल तिकडे जातं, मांडणाऱ्या बाईच्या मागे. घर मोकळं होतं. तिच्याकडे अशी सात माणसं झाली होती. त्या सातांचं ताट तिने दिराच्या सांगण्यावरून ऑफिसच्या माळ्यावर टाकलं आणि काम सोडते म्हणाली. दीर म्हणाला, सोड, पण शेवटचं एक घर कर. भला माणूस आहे, म्हातारपणी सोबत होईल. ते माझं घर. मी निघाले त्या दुपारीच, नवे मालक राहायला यायच्या आत, ती कोरी ताटं घेऊन तिथे गेली. दारात यांच्या चपला ठेवल्या. जाऊबाईने आणून दिल्या होत्या.

मी विचारलं, मग मलाच का नाही सांगितलं? माझा नवरा, मीच मांडलं असतं ताट. जन्मभर मांडलं असतं.

तर म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं. जिच्याजवळ स्वतःचं माणूस असतं तिच्याकडे दुसरं येत नाही. तुझ्या दिराला माझ्या जागी रिकामी बाई हवी होती.

मला दोष देऊ नकोस, असंही म्हणाली. बावीस वर्षं परक्यांची उष्टी काढली, एक तरी शांत माणूस मला मिळायला नको? आणि मग, जरा लाजून, की चहाला साखर दोन चमचे लागते त्यांना.

दीड चमचा लागते.

२३ फेब्रुवारी

दीर ताट उचलून ठेवा म्हणाला होता. बरं दिसत नाही म्हणाला होता. हे उपाशी बसले होते आणि मी ताट कपाटात ठेवलं. माझ्याच हाताने.

पण हे तरी. थोरलीच्या टेबलाशी चमचा वाजवत बसले. मी समोर उभी होते. ओळखलं असतं तर एकदा तरी थांबले असते.

२५ फेब्रुवारी

ती बाई आता माझ्या ताटावरही बोट —

म्हातारा जेवतो आणि मला तहान लागते. घसा खवखवतो. सकाळी मीच खोकले. ओला खोकला. माझा नाही तो.

दीर म्हणतो, पुढच्या घरात तिघं गेलेत एकदम. मोठं घर आहे, वहिनी, उजेड भरपूर.

२८ फेब्रुवारी

जाऊबाईने जेवायला बोलावलंय. दिराच्या नव्या घरात. म्हणाली, किती बारीक झालात, काही खाता की नाही.

ताटं घेऊन जायचं मनात आलं, मग जाऊबाईचा विचार आला. नको असंही वाटलं. मग चपला आठवल्या. भंगार, म्हणाली होती. इतकं काय त्या चपलांचं.

१ मार्च

गेले. माझं ताट मी आणलंय म्हटलं, विधवेची खोड समजा. जाऊबाई कौतुकाने हसली. दोन्ही मांडली. एक माझ्यापुढे, दुसरं टेबलाच्या कडेला, तिची नजर नसताना. घासभर वाढलं. खुर्ची मागे सरकली, दिराने बघितलं आणि हातातला घास खाली ठेवला. पण बायकोसमोर काय बोलणार?

मी पोटभर जेवले. किती दिवसांनी.

माझं ताट धुऊन पिशवीत घातलं. दुसरं तिथेच.

उंबऱ्यावर त्याने विचारलं, ताटं घेतलीत ना वहिनी? दोन्ही? आवाज चिरका झाला होता. मी हो म्हटलं. त्याच्यामागे स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं. जाऊबाई म्हणाली, अहो, पाणी प्या. तिला वाटलं, तोच.

जिना उतरताना खांदे हलके होते. घसा मोकळा.

२ मार्च

थोरलीकडे आलेय. वही मांडीवर आहे. झालं ते लिहिते —

कडी वाजवली. आतून यांचा आवाज आला. स्पष्ट. दीड वर्षाने. कोण आलंय गं?

गं म्हणाले. तिला.

ती दारात आली. म्हणाली, जा धाकटे, जा, ते विचारतायत कोण म्हणून, काय सांगू —

मी म्हटलं, सांग, घर बघायला आलेत. आणि आत गेले.

टेबलावर दोन ताटं होती. यांच्या ताटात भात, खुर्ची मागे. मी पिशवीतून माझं काढलं. पुसलं. जागा नव्हती, तिचं ताट सरकवलं आणि यांच्या शेजारी तिसरं —