यंदा काय सोडलंस?

ता. १६ फेब्रुवारी, मंगळवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि इस्त्री कापडावर तशीच राहिली. फादरांच्या झग्याची बाही थोडक्यात वाचली. तुझी पत्रं ही कामाच्या बाईने कामाच्या वेळी वाचायची गोष्ट नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

उद्या राखेचा बुधवार, चाळीस दिवसांच्या उपवासाची सुरुवात. गेल्या वर्षीच्या वाळक्या झावळ्या सकाळी जाळल्या, कपाळाला लावायची राख दोनदा चाळली. फादरांना राखेत एक खडा चालत नाही. जांभळी वस्त्रं पेटीतून काढून वाऱ्यावर टाकली आहेत. उद्यापासून ईस्टरपर्यंत चर्चमधलं सगळं धुणं माझं आणि सगळा उपदेश फादरांचा.

आईचे गुडघे कसे आहेत? ख्रिसमसला तिला मी पुन्हा म्हटलं होतं, आता तरी माझ्याकडे ये. सहा वर्षं म्हणते आहे. तर म्हणाली, धुणीघरामागच्या खोलीत मी काय कपड्यांबरोबर वाळत पडू? मी हसण्यावारी नेलं, पण लागायचं ते लागलंच. तरी तिला सांग, खिडकीजवळचा पलंग तिचाच आहे. मी त्यावर फक्त घड्या ठेवते.

यंदा उपवासात काय सोडणार हे ठरवलं आहे. जी गोष्ट सोडताना जीव कासावीस होईल तीच सोडायची, असं यंदा मनाने घेतलं. काय ते विचारू नकोस. फादर दरवर्षी सांगतात की उपवास चेहऱ्यावर दिसू द्यायचा नसतो, आणि मी दरवर्षी साखर सोडून सगळ्या गावाला ऐकवते. यंदा तोंड बंद.

तुझ्या बायकोला, आमच्या मास्तरीणबाईंना, आशीर्वाद. माया आहेच, ती मोजून पाठवत नाही.
तुझी अक्का


ता. २४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू काय सोडलं असशील यावर आमच्याकडे पैजा लागल्या आहेत. मास्तरीणबाई म्हणतात, रहस्यकथा. मी म्हणतो, चहा. आई म्हणाली, तिने माझ्यावर चिडणं सोडलं असेल तर बरं होईल. हे हसत म्हणाली, पण पुढचं वाच.

आमचा छापखाना हलतोय. मालकांनी दुसऱ्या शहरात मोठी जागा घेतली आहे आणि ईस्टर झाल्यावर आठवड्याने आम्ही सगळे मुद्रितशोधक, जुळारी, बाइंडर बाडबिस्तरा घेऊन तिकडे. राहायला खोल्या मिळाल्यात त्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई आमच्या इथल्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबते. तिला तिथे नेलं तर ती वर चढेल एकदाच आणि उतरेल ती चौघांच्या खांद्यावर, हे तिनेच सांगितलं.

सिस्टरांच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी आहे. मी चौकशी करून आलो, स्वच्छ आहे, बाग आहे. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, त्यांना कळवायचं, कारण मागे आणखी एक म्हातारी नंबर लावून बसली आहे. मी हे आईला सांगितलं, तिने पदराने चष्मा पुसला. मग म्हणाली, अक्काला चालणार असेल तर मी तिच्याकडे जाईन. अक्का, मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. सहा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

मी लगेच म्हटलं, चर्चच्या ऑफिसात फोन करतो, फादर अक्काला बोलावून देतील. आईने साफ मना केलं. तिचं म्हणणं असं की फोनवर माणूस भिडेने हो म्हणून बसतं, पत्राला नीट विचार करून उत्तर देता येतं, आणि तिला तसलंच उत्तर हवं आहे. तेव्हा विचार कर आणि लिही. मला माहीत आहे तू काय लिहिणार, पण ते तिला तुझ्या अक्षरात वाचायचं आहे.

उपवासातही लोभ ठेवावा, तो सोडायच्या यादीत नसावा.
तुझा धाकटा


ता. १० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोन आठवडे झाले. पहिल्यांदा वाटलं टपाल चुकलं असेल, पण इथून तिथे पत्र तिसऱ्या दिवशी पोचतं हे आपल्याला ठाऊक आहे.

आई पोस्टमनची वाट बघते आणि बघत नसल्याचं सोंग करते. तो यायच्या वेळी तिला नेमकी दारातली कुंडी हलवायची असते. परवा तिने स्वतःची ट्रंक भरली. संध्याकाळी रिकामी केली. मी विचारलं तर म्हणाली, कपड्यांना हवा देत होते.

काल तिने मला बसवून सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तिने तशी ताकीद दिली आहे. ख्रिसमसला ती जे बोलली ते तुझ्या खोलीला नावं ठेवायला नव्हतं. तुझ्यावर ओझं व्हायची तिला भीती वाटत होती आणि भीती वाटली की तिच्या तोंडून वाकडंच निघतं. आपले वडील असताना त्यांनाही हाच त्रास होता, म्हणे. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. अक्का, आपल्या आईने माफी मागितलेली मी जन्मात पाहिली नाही, त्यामुळे ही माफीच होती की आणखी काही, हे तूच ओळख.

राग असेल तर मला शिव्या घाल, मला सवय आहे. पण तिला दोन ओळी लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत, कमीजास्त झालं असेल तर पोटात घाल.
तुझा धाकटा


ता. २७ मार्च, शनिवार

अक्कास नमस्कार.

उद्या झावळ्यांचा रविवार. सिस्टरांना मी आज होकार कळवला. परवा सोमवारी आईला तिकडे पोचवतो.

काल मी तिच्या नकळत फोन करायला निघालो होतो. तिने चपलांच्या आवाजावरून ओळखलं. म्हणाली, न लिहिणं हेही उत्तरच असतं, ते अक्काकडून मोठ्याने म्हणवून घेऊ नकोस. मी परत फिरलो.

तिचं कपाट शेजारच्या शिंपीणबाईंना दिलं. तिनेच दिलं. मला वाटलं होतं रडेल, पण ती त्यांना दार कसं उचलून लावायचं ते समजावत बसली.

तुझं काही कारण असेल. मला ते सुचत नाही.
धाकटा


ता. ४ एप्रिल, ईस्टर, दुपार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी अ. उ. आ.

मी यंदा तुझी पत्रं सोडली होती.

हे वाक्य दोन कागद फाडून मग लिहिलं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगता येत नाही. मला साखर, चहा, पुस्तकं यांतलं काहीच सोडणं जड जात नाही, हे मला यंदा कळून चुकलं होतं. महिन्यातून दोनदा तुझं पत्र येतं, ते मी चहा करून, दार लावून वाचते. त्याइतकं सुखाचं मला दुसरं काही नाही. म्हणून ठरवलं, चाळीस दिवस पत्र उघडायचं नाही, लिहायचंही नाही. आणि गुपचूप करायचं म्हणून तुलाही सांगितलं नाही. तुला एक ओळ टाकली असती तर काय बिघडलं असतं? माझा उपवास थोडा कमी पवित्र झाला असता, एवढंच.

पहिलं पत्र आलं ते मी वेदीच्या कापडांखाली खणात ठेवलं. दुसरं आलं तेव्हा हात शिवशिवला. आणि तिसरं आलं, पवित्र आठवड्याच्या मंगळवारी, तेव्हा मला काय वाटलं ते तुझ्यापासून लपवणार नाही. मला अभिमान वाटला. तीन पत्रं आणि मी एकही फोडलं नाही. गुरुवारी पाय धुण्याच्या विधीचे बारा पंचे इस्त्री करताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. त्या वेळी आई आश्रमात जाऊन तीन दिवस झाले होते.

आज ईस्टरची उपासना, मिस्सा, झाली, पांढरी वस्त्रं घडी करून ठेवली, चहा केला, दार लावलं आणि तिन्ही पत्रं ओळीने वाचली. चहा तसाच आहे.

आणखी एक सांगायचं आहे. हा उपवास मी एका मागणीसाठी केला होता. आई माझ्याकडे राहायला यावी, एवढंच मागितलं होतं. राखेच्या बुधवारपासून रोज मागत होते. आठव्या दिवशी तिने होकार दिला होता आणि तो माझ्या खणात पडून होता.

मी उद्याच निघाले असते, पण उद्या दोन लग्नं आहेत, येत्या शनिवारी आणखी तीन, आणि फादरांना आजच्या आज दुसरं माणूस मिळणार नाही. त्यापुढच्या शनिवारी, सतराला, जाते. मला काय म्हणायचं ते म्हण, पण लिही.

पूर्वी लोभ मागितला की सवयीने मागायची, आज खरंच मागते आहे.
अक्का


ता. ८ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खोक्यांच्या ढिगावर बसून वाचलं. आधी मला राग आला. ते लपवून उपयोग नाही. मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही भाऊबहीण दोघेही एकाच मातीचे, एक सांगत नाही आणि दुसरा विचारत नाही.

बरोबर आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरतो. तुझ्या पत्रात सहा वर्षं, खिडकीजवळचा पलंग, सगळं लिहिलेलं होतं. उपवासात जिवाची गोष्ट सोडणार हेसुद्धा लिहिलेलं होतं. तरी तू नकार देते आहेस हे मला पटलंच कसं? आई नको म्हणाली म्हणून मी फोन केला नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं तर तू नाही म्हणशील आणि ते मला ऐकावं लागेल, याची मलाच धास्ती होती.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग. जाताना ती तिन्ही पत्रं घेऊन जा. आम्ही सोमवारी नव्या जागी जातोय, पत्ता मागे लिहिला आहे.

राग उतरला आहे, लोभ होता तिथेच आहे.
तुझा धाकटा


ता. १८ एप्रिल, रविवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल आईकडे जाऊन आले. तिची खोली तळमजल्यावर आहे, शेजारी एक निवृत्त नर्स राहते, ती आईच्या दुप्पट बोलते. आई बरी आहे. थोडी वाळली आहे.

मी सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता माझ्या पदराची सुरकुती सपाट करत राहिली. मला वाटलं बोलेल, चिडेल, चार शब्द ऐकवेल. मी त्या तयारीनेच गेले होते. संपल्यावर तिने एवढंच विचारलं की बाकीचे लोक गोड सोडतात, तुला हेच सुचलं? मग ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मला आधी रडायचं होतं, ते राहूनच गेलं.

मी म्हटलं, आजच चल. पलंगावरच्या घड्या उचलून आले आहे. ती नाही म्हणाली. सिस्टरांनी तिच्यासाठी दुसऱ्या बाईला परत पाठवलं, असं तिचं पहिलं कारण. ते मी खोडून काढलं, सिस्टरांशी बोलायची तयारी दाखवली. तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. म्हणाली, मार्चमध्ये तू नेलं असतंस तर हौसेने नेलं असतंस. आता नेशील ती चूक भरून काढायला, आणि मी रोज सकाळी उठून तुझी भरपाई होऊन बसेन. मी पुष्कळ विनवलं. धाकट्या, मी तिला ओळखते, ती येणार नाही.

माझी मागणी काय होती ते मात्र तिला सांगितलं नाही. तेवढं तुझ्यामाझ्यात राहू दे.

निघायच्या आधी तिने पत्रं मागितली. चष्मा नर्सबाईंच्या खोलीत राहिला होता, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. पहिलं, तू फेब्रुवारीत लिहिलेलं. मी वाचलं. अक्काला चालणार असेल तर, इथपर्यंत आले आणि तिने हाताने थांबवलं. म्हणाली, मला याचं उत्तर आलेलं नाही. आता दे. मी पत्राची घडी घालू लागले. तिने पुन्हा सांगितलं, पत्र आत्ताच आलंय असं समज आणि उत्तर दे.

मी म्हटलं, ये आई, मी वाट बघते आहे.

तिने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाली, हं, असंच येईल असं वाटलं होतं मला. मग शाल सारखी केली आणि मला म्हणाली, आता नीघ, तुझी गाडी चुकेल.

दर शनिवारी जाणार आहे. तू पत्र लिहीत जा, आल्या दिवशी उघडेन.
तुझी अक्का